परीक्षकाची साक्ष

स्नेहसंमेलन जवळ आले की आम्हां शिक्षकांपुढे दरवर्षी तोच प्रश्न उभा राहतो: बक्षीस कुणाला द्यायचे? चित्रपट-समीक्षकांच्या संघांनाही वर्षाकाठी तो सोडवावा लागतो. लॉस एंजेलिसच्या समीक्षक संघाने १९८५ साली तो कसा सोडविला, हे मला वारंवार आठवते.

टेरी गिलियम यांचा 'ब्राझील' हा चित्रपट तोवर युरोपात प्रदर्शित झाला होता. कागदपत्रांच्या राज्यात एका कारकुनाची होणारी फरफट हा त्याचा विषय. अमेरिकेतील हक्क असलेल्या युनिव्हर्सल कंपनीला मात्र तो लांबलेला आणि शेवटी उदास वाटला. १४२ मिनिटांचा चित्रपट कापून शेवट गोड करण्याचे घाटत होते, प्रदर्शन रखडले. गिलियम यांनी तो समीक्षकांना खासगीरीत्या दाखविला. डिसेंबरात समीक्षकांनी, अमेरिकेत कुठेच न लागलेल्या या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन व पटकथा अशी तीन पारितोषिके दिली. कंपनीचा नाइलाज झाला. गिलियम यांनीच संपादिलेली १३२ मिनिटांची प्रत पडद्यावर आली.

यावर आक्षेप घेता येईल. लोकांनी न पाहिलेल्या कृतीचा निवाडा मूठभरांनी का करावा? शिवाय तिकीटबारीवर तो फारसा चाललाही नाही. पण नापसंत करण्यासाठी का होईना, तो पाहण्याचा हक्क लोकांना मिळाला तो या मूठभरांमुळेच.

आता माझी गोष्ट. एका वर्षी निबंधस्पर्धेत एका मुलाने आजीवर लिहिले होते. आजीचे बोलणे त्याने जसेच्या तसे, निम्मे कानडी, निम्मे मराठी ठेवले होते. सर्वांत जिवंत निबंध तोच, हे मला पहिल्याच वाचनात कळले. सहपरीक्षक म्हणाले, "सर, भाषा शुद्ध नाही. पालक काय म्हणतील?" मी गप्प बसलो. बक्षीस वळणदार अक्षरातल्या 'माझा आवडता ऋतू'ला गेले. त्या मुलाने पुन्हा स्पर्धेत नाव दिले नाही.

परीक्षकाची पारख चुकू शकते. त्याला क्षमा आहे. माझी पारख चुकली नव्हती. जे दिसले ते मी सांगितले नाही, आणि त्याला क्षमा कुठली? बक्षीस ही शेवटी एक साक्ष असते. पाहणाऱ्याने ती दिली नाही, तर न पाहिलेल्यांना कळणार तरी कसे?

यंदाचे निबंध टेबलावर येऊन पडले आहेत. ते उघडण्यापूर्वी एवढे लिहून ठेवतो.