चूल वेगळी, गणपती एकच

जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे जी माणसे सामान्यतः एकत्र राहतात आणि एकाच स्वयंपाकघरातले अन्न खातात, त्यांचे मिळून एक कुटुंब होते. कामाच्या निकडीमुळे एखाद्याला पंगतीला बसता येत नसेल, तर तेवढी सवलत व्याख्येतच दिलेली आहे. मोजणीला ही व्याख्या सोयीची असली, तरी रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या एखाद्या वाडीत, म्हणजे बहुधा एकाच भावकीने वसवलेल्या थोड्या घरांच्या वस्तीत, ती लावू गेल्यास घर कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे सांगणे अवघड होऊन बसते.

तिथले जुने कौलारू घर बाहेरून एकच दिसते; आत मात्र माजघरातून चिऱ्याची भिंत गेलेली असते, पडवीला तीन दारे पडलेली असतात आणि तीन भावांच्या तीन चुली असतात. ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर मयत आजोबांचेच नाव चालू असते, सातबाऱ्यावर सहहिस्सेदारांची रांग लागलेली असते आणि भाद्रपदात गणपती मात्र मूळ घरात, भिंत जिथे मुद्दाम थांबवलेली असते त्या जागी, एकच बसतो. चूल वेगळी करणे ही तिथे रोजच्या सोयीची गोष्ट मानली जाते, गणपती वेगळा करणे ही तुटल्याची खूण मानली जाते. भांडण कोणत्या पायरीपर्यंत गेले आहे, हे वाडीतली माणसे यावरूनच ओळखतात.

इरावती कर्वे यांनी एकत्र कुटुंबाची लक्षणे सांगताना एक छप्पर, एक चूल, सामाईक मालमत्ता, सामाईक पूजा आणि नाते यांना एकत्र गोवले होते. कोकणातल्या या घरात त्यांतले एकच लक्षण गळालेले असते, बाकीची टिकून असतात. आय. पी. देसाई यांनी गुजरातेतल्या महुवा गावाच्या अभ्यासात एकत्रपणा चुलीवरून न ठरवता परस्परांवरच्या जबाबदाऱ्यांवरून ठरवला, आणि ए. एम. शहा यांनी १९७३ च्या ग्रंथात एका घरात राहणारा गट आणि कुटुंब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असा आग्रह धरला. मराठीला हा फरक ग्रंथांच्या आधीपासून ठाऊक आहे: मुंबईत चाकरमान्याचे, म्हणजे गावाबाहेर नोकरी करणाऱ्याचे, असते ते बिऱ्हाड, आणि गावी असते ते घर. (मोठ्या कुटुंबाला आणि कोर्टातल्या दाव्याला एकच ‘खटले’ हा शब्द असावा, यातही भाषेचा काही अनुभव असणार.)

मुंबईच्या कापडगिरण्यांच्या काळात तर बिऱ्हाडही क्वचितच असे. गावकऱ्यांनी मिळून भाड्याने घेतलेल्या चाळीतल्या खोलीत पुरुष पाळीपाळीने झोपत, जेवण खाणावळीत होई, आणि पगारातला वाटा मनीऑर्डरीने गावी जाई, जिथे बायको शेत, गुरे आणि सासू-सासरे सांभाळत असे. त्याची खूण आकड्यांतही दिसते: २०११ च्या जनगणनेत राज्यात हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया असताना रत्नागिरी जिल्ह्यात ११२२ होत्या, आणि जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या सुमारे १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आली होती. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरण्या ओसरल्या, तरी बिऱ्हाड मुंबईत आणि घर गावी ही मांडणी मोडली नाही. पुढच्या पिढीतल्या अनेकांनी बायकामुलांना मुंबईच्या उपनगरांत नेले आणि गावच्या घराला वर्षातून दोनदा, शिमग्याला आणि गणपतीला, उघडायचे कुलूप लागले.

एकत्र कुटुंब मोडले अशी जी हळहळ व्यक्त केली जाते, तिचा रोख म्हणूनच चुकतो. वेळेवर वेगळी केलेली चूल पुष्कळदा भावकी वाचवते, कारण जावाजावांमधली रोजची कुरबूर तिथेच थांबते आणि आंब्याच्या उत्पन्नाची वाटणी शांतपणे करता येते. शिवाय चूल वेगळी होण्यामागे नेहमी मन कलुषित झालेले असते असेही नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने शंभर दिवसांचे काम माणशी न देता कुटुंबामागे दिले आणि कुटुंब ठरवताना एकत्र जेवण किंवा सामाईक शिधापत्रिका ही कसोटी लावली. अशा वेळी विभक्त शिधापत्रिका करून घेणे हा साधा व्यवहार ठरतो, आणि घरात न फुटलेले कुटुंब कागदावर फुटते.

या एकोप्याची खरी किंमत मात्र दुसरीकडे मोजली जाते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, तरी भावांचे सामाईक घर अनेकदा बहिणींनी सही केलेल्या हक्कसोडपत्रावर उभे असते. गौरीला बहीण माहेरवाशीण म्हणून येते, मान घेते आणि परतते. ‘एकच गणपती’ या शब्दांत तिचा हिस्सा धरलेला नसतो.

दुसरी स्त्री घरातच असते. मुलगे-सुना मुंबईला गेल्यावर, किंवा एकेक महिना एकेका सुनेच्या ताटावर जेवण्याचा कंटाळा आल्यावर, म्हातारी आपल्यापुरता भात वेगळा शिजवते आणि प्रगणकाच्या लेखी त्याच क्षणी एका माणसाचे स्वतंत्र कुटुंब होते. बंद दारांच्या किल्ल्या तिच्याकडे असतात. पावसाळ्याच्या तोंडी कौले शाकारायला माणूस तीच बोलावते, पैसे कोणत्या मुलाकडून किती यायचे ते तीच ठरवते, आणि तिन्हीसांजेला आपला दिवा लावून झाल्यावर कुलूप काढून मूळ घरातल्या देवापुढेही एक लावून येते.