भोवळ आलेल्याला आधी काय विचारायचं?

एप्रिल-मेमध्ये नागपूर जिल्ह्यात कुणी चक्कर येऊन पडलं, की निदान रस्त्यावरच होऊन जातं : ऊन लागलं. कुही तालुक्यात मिरचीचे देठ खुडता खुडता एखादी बाई घेरी येऊन कोसळली, तर दवाखान्याच्या दारातच सोबतचे ‘सलाईन लावा’ म्हणू लागतात. बहुतेकदा त्यांचं खरंही असतं. २३ मे २०१३ रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. इथल्या उन्हाला कमी लेखून चालणार नाही. पण तिच्या हृदयाचे ठोकेच मध्ये काही सेकंद थांबत असतील तर? आडवं झाल्यावर तिला बरं वाटतं, आणि बरं वाटलं म्हणून ती घरी जाते.

म्हणूनच आकस्मिक विभागात अशा प्रत्येक रुग्णासाठी एक ठरलेली पद्धत हवी. त्यावर एक आक्षेप हमखास येतो : तक्ता आला की डॉक्टरची नजर मरते, अनुभवी माणूस चेहरा पाहूनच ओळखतो.

हा आक्षेप ऐकायला भारदस्त आहे, पण टिकत नाही. अनुभवी नजर सकाळी अकराला असते. रात्री दोनला कर्तव्यावर असतो तो नवखा डॉक्टर. शिवाय, नजरेला दिसतो तो शुद्धीवर आलेला माणूस. तो पडला कसा, हे विचारल्याशिवाय कळत नाही. कॅनडात २०१६ साली मांडलेल्या मूर्च्छेच्या गुणतक्त्यात तर डॉक्टरच्या स्वतःच्या निदानालाच गुण आहेत. साधी भोवळ वाटली तर दोन वजा, हृदयविकार वाटला तर दोन अधिक. तक्त्यानंच नजरेला जागा दिली आहे. आणि गडचिरोलीत डॉक्टर बंग दाम्पत्याच्या प्रयोगात गावातल्या बायकांनी ठरलेल्या लक्षणांवरून नवजात बाळांचा जंतुसंसर्ग ओळखला. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं ते छापलं. नियमानं त्यांची नजर मेली नाही, तयार झाली.



मात्र ठरवायचे ते प्रश्न, निकाल नव्हे. हा फरक सुटला की पद्धत बिघडते. सॅन फ्रान्सिस्कोचा २००४ सालचा मूर्च्छेचा नियम दुसरीकडे पडताळला, तेव्हा मूळ अभ्यासाइतका खरा उतरला नाही. परक्या गावचे गुण कुहीत लावून ‘घरी सोडा’ म्हणणं धोक्याचं आहे. प्रश्न मात्र इथेही तेच : उभं असताना पडली की काम करताना? आधी छाती धडधडली का? घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं का? रक्तदाबाची गोळी चालू आहे का? पाळी चुकली आहे का? शौचाला काळं होतं का? विदर्भात सिकलसेलचंही विचारायला हवं.

मग रुग्णाला पाच मिनिटं आडवं ठेवून रक्तदाब घ्यायचा, उभं करून तीन मिनिटांत पुन्हा. वरचा आकडा वीसनं उतरला तर कारणाचा माग लागतो. त्याला एक पट्टा आणि घड्याळ पुरतं. ईसीजी मात्र प्रत्येकाचा, वय पाहून नव्हे. तो डॉक्टर येण्याआधीच काढायचा अधिकार परिचारिकेला लेखी द्यावा. आणि नागपूरला ‘मेडिकल’मध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, पाठवताना चिठ्ठीला ईसीजीची पट्टी व प्रश्नांची उत्तरं जोडावीत, नाहीतर तिथल्या डॉक्टरला, तोवर सावरलेल्या रुग्णापासून, सगळं नव्यानं सुरू करावं लागतं.