ताईचा दिवस कुणाच्या हातात?

आळंदी देवाची

चि. बाळ,

ताईची विशेष शाळा अठराव्या वर्षी संपली आणि तेव्हापासून ती घरातच आहे. तुझ्या आईचे गुडघे आता साथ देत नाहीत, चाकणच्या कंपनीत तुझ्या पाळ्या सारख्या बदलतात, आणि बाबांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून दोन संस्थांची माहितीपत्रकं आणून ठेवली आहेत. चांगली संस्था ओळखायची कशी, असं तू विचारलंस. माझी सगळी नोकरी विशेष मुलांना शिकवण्यात झाली, तेव्हा हे पत्र लांबेल. सावकाश वाच.

आधी एक गैरसमज काढून टाक. घरी ठेवायचं नाहीतर वसतिगृहात टाकायचं, असे दोनच रस्ते आहेत असं तुम्ही सगळे धरून चालला आहात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे, त्याचं पाचवं कलम वाच. अपंग माणसाला समाजात, चार लोकांत राहण्याचा हक्क आहे आणि अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती त्याच्यावर होऊ नये यासाठी सरकारने प्रयत्न करावा, असं त्यात म्हटलं आहे. घरी येणारी मदतनीस, दिवसभराचं केंद्र, आईच्या आजारपणात आठ दिवस सांभाळणारी जागा, मोजक्या जणांचं निवासी घर हे सगळे आधाराचेच प्रकार आहेत. ताईला यातलं काय लागतं, किती लागतं, हे आधी ठरवा. जी संस्था पहिल्याच भेटीत "कायमचं ठेवा, काळजी मिटेल" म्हणते, तिच्यापासून लांब राहा.

आता बघायला जाशील तेव्हा. फरशी, रंग, देणगीदारांच्या पाट्या, कपाटातल्या ढाली यांवर नजर ठरू देऊ नकोस. न्हाणीघराला आतून कडी आहे का ते बघ. प्रत्येकीचे कपडे तिचे स्वतःचे आहेत की गाठोड्यातून सकाळी हाताला येईल तो गाऊन घालायचा? पेटीची किंवा कपाटाची किल्ली कुणाकडे असते? जेवणाच्या वेळी एखादीने भात नको म्हटलं तर पुढे काय होतं? कळवून एकदा जा आणि न कळवता दुसऱ्यांदा जा. पालकांना भेटायला ठरावीक वारच असेल, आणि तोही हॉलमध्ये बसूनच, तर कारण विचार.

आपल्या आळंदीत दानाला तोटा नाही, आणि त्याचं मोल मी कमी मानत नाही. पण वाढदिवसाचा केक घेऊन दुपारी दोनला पाहुणे येतात, झोपलेल्या मुलांना उठवून रांगेत बसवतात, प्रार्थना म्हणवून घेतात आणि फोटो काढून जातात, हे मी पुष्कळ ठिकाणी पाहिलं आहे. तिथल्या व्यवस्थापकांना विचार, "मुलं झोपली असतील तेव्हा देणगीदार आले तर काय करता?" या उत्तरातून तुला वार्षिक अहवालापेक्षा जास्त कळेल.

याच्या उलटही सांगते. एका कार्यशाळेत राख्या करायचं काम चाललं होतं. एक मुलगा, बोलता न येणारा, हाताची बोटं आखडलेली. शिकवणाऱ्या बाईंनी त्याच्यापुढे दोऱ्याची चार रिळं ठेवली आणि हात मांडीवर घेऊन बसल्या. मिनिट गेलं, दुसरं गेलं. त्याची नजर हिरव्यावर गेली, परत आली, मग कोपर हिरव्या रिळाकडे सरकलं. बाईंनी हिरवा दोरा ओवला. मधल्या वेळात "लाल घे ना, छान दिसेल" असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. त्या राख्यांचे पैसे मुलांच्या खात्यात जमा होत होते, तेही मी विचारून घेतलं. नाहीतर वर्षानुवर्षं पाकिटं चिकटवून घ्यायची आणि त्याला "व्यवसाय प्रशिक्षण" म्हणायचं, हेही चालतं.

आधार घेणं म्हणजे आपली मर्जी दुसऱ्याच्या हवाली करणं नव्हे. गुलाबराव महाराजांचं नाव तू ऐकलंयस. माउलींना आई मानून स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवणारे, १८८१ साली विदर्भात जन्मलेले. तान्हेपणीच त्यांची दृष्टी गेली. ग्रंथ त्यांनी इतरांकडून वाचून घेतले आणि आपले ग्रंथ सांगून लिहवून घेतले. डोळे आणि हात दुसऱ्यांचे होते, पण विचार महाराजांचाच. ताई ग्रंथ लिहिणार नाही. तिला निळा ड्रेस हवा असतो, दुपारी टीव्ही नको असतो, अनोळखी माणसाने गालाला हात लावलेला खपत नाही. तिच्यापुरता तिचा विचार हाच आहे आणि मदत करणाऱ्याने तो मानला पाहिजे.

म्हणून संस्थेचं विश्वस्त मंडळ बघ. त्यात कुणी अपंग व्यक्ती, कुणी पालक आहेत का? आळंदीतली अंध मुलींची जागृती शाळा नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड या अंधांच्याच संघटनेच्या महाराष्ट्र शाखेची आहे. कोल्हापूरला नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हॅंडिकॅप्ड' उभी केली, त्या स्वतः चाकाच्या खुर्चीवर. पुढे कुडाळ तालुक्यात त्यांच्या संस्थेचा काजू प्रक्रियेचा उद्योग उभा राहिला, आणि अपंग माणसं तिथे कामगार म्हणून काम करू लागली. ज्याला उंबरठा अडतो तो कारभारात बसला की इमारतीचा नकाशासुद्धा बदलतो.

एक गोष्ट तुझ्या आईशी बोलायला जड जाईल, तरी लिहिते. १९९४ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या, शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं शस्त्रक्रिया करून काढली गेली. पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही, हे कारण दिलं होतं. त्यावर मोठं वादळ उठलं. आजच्या कायद्याचं दहावं कलम सांगतं की, जिच्यामुळे मूल होण्याची क्षमता जाते अशी कुठलीही प्रक्रिया त्या व्यक्तीच्या मुक्त आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय करता येत नाही. तरीही असा सल्ला आडून आडून दिला जातो. पाळीच्या दिवसांत मुलींना मदत कोण करतं, कशी करतं, हे आईला विचारायला सांग. तिथल्या बाया हे मोकळेपणाने, न लाजता सांगू शकल्या तर मला बरं वाटेल. अंगावर हात टाकल्याची तक्रार एखाद्या मुलीने कुणाकडे करायची, बोलता येत नसेल तर कशी करायची, हेही विचारा. "आमच्याकडे असं होतच नाही" हे उत्तर चालणार नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. २०१६ च्या कायद्याखाली संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र आणि शिक्षकांची भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी बघायला माग. ताईचं यूडीआयडी कार्ड झालंय. राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींनाही मिळते, एक लाखापर्यंत खर्च मिळतो, आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. मात्र दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं. ते तू अंगावर घे, बाबांवर सोडू नकोस. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तुम्ही पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत राहता, तेव्हा पालिकेत जाऊन विचार. तुमच्या भागातले चार-पाच पालक मिळून गेलात तर दिवसाच्या केंद्राची मागणीही करता येईल. एकट्याला खिडकीवरून परत पाठवतात.

त्या दोन संस्थांपैकी एकही मी पाहिलेली नाही, म्हणून त्यांच्याबद्दल काही लिहीत नाही. पण ताईला घरी ठेवून तुम्ही तिघांनीच जागा बघून पैसे भरून यायचं, हे करू नका. तिला बरोबर न्या. आधी एक दिवस, मग जमलं तर दोन दिवस राहू द्या. परत आल्यावर लगेच विचारू नका, रात्री जेवताना तिथल्या कुणाचं नाव ती आपणहून घेते का बघा. मग फोन कर. पहिल्या पाळीत असशील त्या आठवड्यात संध्याकाळी कर, मी काकड्याला उठत असल्याने नऊनंतर जागी नसते.

तुझी,
आत्या