सात ते नऊ

चिनी वैद्यकाने दिवसाचे बारा प्रहर पाडून एकेक प्रहर एकेका अवयवाला दिला आहे. सकाळी सात ते नऊ जठराचे, नऊ ते अकरा प्लीहेचे. त्या वैद्यकात अन्नाची शक्ती करायचं काम प्लीहेकडे असतं. म्हणून सकाळचं खाणं गरम हवं, पोटभर हवं आणि बसून खायला हवं. आपल्या लालबाग-परळमध्ये मात्र सात ते नऊ ही डब्याची आणि गाडीची वेळ. उभ्याउभ्या चहा, दादरला गाडी बदलायची, अकराला भूक अनावर झाली की चार घासांत वडापाव. घासांबरोबर हवाही गिळली जाते. दुपारी पोट तट्ट होतं, मग इनो.

चिनी वैद्य या पोटाला घाईने हात लावत नाही. आधी जीभ बघतो : कडांवर दातांचे ठसे आहेत का, वर पांढरा जाड थर आहे का. मग दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी. मग विचारतो, जेवल्यावर फुगतं की उपाशीपोटीही? दाबलं की बरं वाटतं की दुखतं? मन कोंडलं की वाढतं का? दाबून बरं वाटलं तर पचनशक्ती थकलेली, दुखलं तर आत काही साठलेलं, असा त्याचा हिशोब. उपाय त्यावर ठरतो. जुनी वाळवलेली संत्र्याची साल, आलं, तांदळाची पातळ पेज; आणि गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं, नडगीच्या बाहेर एक बोट, तिथे सुई. बाळाच्या बेंबीभोवती हिंग लावणाऱ्या, ओवा चावायला देणाऱ्या, रात्री फक्त मेतकूट-भात वाढणाऱ्या गिरगावातल्या आजीला यातलं फारसं काही परकं वाटलं नसतं.

परळशी या विद्येचा धागाही आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस इथल्याच जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकले, १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून युद्धग्रस्त चीनला गेले आणि १९४२ साली तिथेच वारले. त्या पथकातले डॉ. बिजॉय कुमार बसू पुढे पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात परतून ते रुग्णांना देऊ लागले.

गुण येतो का? जेवणानंतर पोट जड होणाऱ्यांवर चीनमध्ये झालेला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. खऱ्या सुया घेतलेल्यांपैकी सुमारे ८३ टक्क्यांना बरं वाटलं. नावापुरत्या सुया टोचलेल्यांपैकीही सुमारे ५२ टक्क्यांना. मला हा दुसरा आकडा फार मोलाचा वाटतो. चार आठवडे कुणीतरी नेमाने पोटाची विचारपूस केली, तेवढा वेळ माणूस स्वस्थ पडून राहिला, त्याचाही त्यात वाटा असणार. तेवढं आपण घरीही करू शकतो : पंधरा मिनिटं आधी उठून, पाटावर बसून, गरम उपमा किंवा पेज, मोबाइल बाजूला.

सुया घ्यायच्याच असतील तर महाराष्ट्रात त्यासाठी २०१५चा स्वतंत्र कायदा आहे. नोंदणी विचारावी, सुई नवी आहे ना हे बघावं. पण पन्नाशीच्या बाईचं पोट आठवडेच्या आठवडे फुगलेलं राहत असेल, दोन घासांतच भरत असेल, किंवा कुणाचंही वजन उतरत असेल, शौचातून रक्त जात असेल, तर आधी डॉक्टर आणि सोनोग्राफी. बीजांडकोशाचा कर्करोग सुरुवातीला गॅससारखाच वाटतो, आणि घरातल्या बायका तो गॅस म्हणूनच महिनोन्‌महिने अंगावर काढतात.