आजाच्या नावापुढे काय लिहावे?



आपल्यापैकी कोणाच्या घराण्याने 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला दीक्षा घेतली असेल, कोणी गेल्या वर्षीच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनी घेतली असेल. केव्हाही घेतली असो, एक दिवस मुलगा कॉलेजात किंवा नोकरीत जातो आणि घरी एक प्रश्न येतो. जात पडताळणी समिती विचारते, 10 ऑगस्ट 1950 पूर्वी तुमचे घराणे या मुलखात राहत होते काय? त्याची जात कोणती लिहिली आहे? कागद दाखवा. मग ज्या घरातून देव्हारा निघाला, ज्या घराने मागचे सारे सोडले, तेच घर मागचा कागद शोधत तहसीलीच्या पायऱ्या चढू लागते.

मी आमगावचा. शाळेत मास्तर होतो, आता घरीच असतो. जुनी घसटती अक्षरे, थोडीफार मोडी मला लागते. म्हणून आसपासच्या खेड्यांतून माणसे कागदांच्या नकला घेऊन येतात आणि मी त्या वाचून स्वच्छ अक्षरात उतरवून देतो. याचे पैसे घेत नाही. आता दोघे-तिघे तरुणही रविवारी वंदनेनंतर बसतात. हे काम करताना जे प्रश्न मनात उभे राहिले, ते आपणापुढे ठेवावे म्हणून हा लेख.

प्रथम, आपल्या आजा-पणजाचे नाव सापडणार कुठे? जमिनीच्या कागदात म्हणाल, तर जमीन किती जणांना होती? शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात म्हणाल, तर शाळेत बसू कोणी दिले? त्र्यंबकेश्वरच्या आणि हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची नावे असतात, पण ती यजमानांची. गोऱ्या लोकांचे पाहा. इंग्लंडात 1538 सालापासून प्रत्येक चर्चने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवावी असा हुकूम होता. त्या वह्या आज हजारो सामान्य माणसे घरी बसून, एक पैसा न घेता, उतरवून काढतात. तिथल्या शिरगणतीचे घराघराचे कागदही 100 वर्षांनी उघडतात. 1921 चे कागद 2022 साली उघडले. अमेरिकेत 72 वर्षांनी उघडतात. आपल्याकडे 1948 च्या जनगणना कायद्याने ते कोणालाही पाहता येत नाहीत. तेव्हा शिरगणतीत आपण सापडतो ते आकड्यात, नावाने नाही. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत 1951 साली बौद्ध अडीच हजारांच्या आसपास होते आणि 1961 साली ते 27 लाख 89 हजारांवर गेले. हा आकडा वाचून छाती भरून येते. पण त्यात तुमचा आजा कोणता, हे तो सांगत नाही.

राहते ते कोतवाल बुक. आमगावचा भाग तेव्हा भंडारा जिल्ह्यात व मध्य प्रांतात होता. गोंदिया जिल्हा झाला 1 मे 1999 रोजी. मध्य प्रांतात जन्म-मृत्यूची खबर ठाण्यात नेऊन देण्याचे काम गावच्या कोतवालाचे असे आणि या मराठी मुलखात कोतवाल बहुधा महार. त्याला स्वतःला लिहिता येत नसे. तो वही काखेत मारून, पायी, ठरलेल्या दिवशी ठाण्यात जाई. गावात कोण जन्मले, कोण कशाने मेले ते तोंडी सांगे आणि तिथला मोहरीर लिहून घेई. तारीख, बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी, मरणाचे कारण. 1918 च्या पावसाळ्यानंतर इन्फ्लुएन्झाची साथ आली. मध्य प्रांत व वऱ्हाडाला तिचा तडाखा फारच जबर बसला. त्या महिन्यांचे पान उघडले तर कारणाच्या रकान्यात ताप, ताप, ताप, खालपर्यंत तेच. ज्याने ती नावे सांगितली त्याच्या घरचेही त्यात असतील. आपल्या लेकराच्या मरणाची नोंद स्वतःच वाहून नेली आणि आत काय लिहिले ते त्याला वाचता आले नाही. मी जेव्हा जेव्हा ते पान उघडतो, तेव्हा थोडा वेळ थांबावेच लागते.

असो. मुद्द्याकडे येतो.

मागे एक तरुण आपल्या आजाच्या जन्माची नक्कल घेऊन आला. बापाचे नाव कचऱ्या, जात महार. मी उतरवीत होतो. तो हळूच म्हणाला, ‘गुरुजी, आपल्या घरच्या वहीत उतरवताना तिथे बौद्ध लिहा ना. आणि कचऱ्या काय, कचरूजी लिहा. कोण बघतो?’ मुलगा वाईट नव्हता. त्याला आजाचा मान राखायचा होता. पण माझा हात थांबला तो आजपर्यंत.

आपणही असेच म्हणाल काय? आपण म्हणाल, ज्या जातीला आम्ही लाथाडले तिचे नाव घरच्या वहीत कशाला? भगवान बुद्धांनी शिकविले की माणूस जन्माने हलका ठरत नाही, कर्माने ठरतो. मग जन्माचा कागद शोधणे हेच मुळी धम्माविरुद्ध नव्हे काय?

प्रश्न खरा आहे. तो उडवून लावण्यासारखा नाही. परंतु भगवंतांच्या संघातच पाहा. सुनीत भंगीकाम करणारा, वाळलेली फुले झाडून काढणारा. तो भिक्खू झाला, अर्हत झाला. थेरगाथेत त्याच्याच तोंडून त्याच्या हीन मानलेल्या कुळाची आणि कामाची हकीकत आली आहे. उपाली न्हावी. शाक्य राजपुत्रांनी स्वतःच विनंती केली की आमच्याआधी याला प्रव्रज्या द्या, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा कुळाचा ताठा मोडेल. विनयपिटकात हे लिहून ठेवले आहे. आता कल्पना करा. एखाद्या भल्या भिक्खूने मान राखण्यासाठी म्हणून सुनीताचा झाडू आणि उपालीचा वस्तरा खोडून टाकला असता तर? राजपुत्र कोणापुढे वाकले आणि का वाकले, हे आपल्याला कळलेच नसते. ज्यांनी जात मानली नाही, त्यांनीच जातीचा अन्याय लिहून ठेवला. जात मानणे वेगळे आणि जातीने काय केले याचा कागद जपणे वेगळे.

दूर कशाला, सातारच्या शाळेचे रजिस्टर घ्या. 7 नोव्हेंबर 1900 रोजी त्यात एका मुलाचे नाव दाखल झाले, क्रमांक 1914, नाव भिवा रामजी आंबेडकर. ते रजिस्टर आज ठेव्यासारखे जपले आहे आणि तो दिवस 2017 पासून राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. तिथे भिवा खोडून भीमराव लिहा, असे कोणाला सुचले नाही. सुचले असते तर आपणच संतापलो असतो. मग आपल्या कचऱ्याने काय पाप केले आहे?

नावाचे सांगतो. लेकरे जगत नसत, म्हणून नजर लागू नये यासाठी कचऱ्या, धोंड्या अशी नावे आईबापच ठेवीत. त्यावर सरकारी कारकुनाने ‘या’चा फटकारा चढवला की नाही, हे पुष्कळदा कळत नाही. म्हणून मी नियम केला आहे. नक्कल म्हणजे नक्कल. जसे अक्षर तसे अक्षर. कुठे महार लिहिले आहे, कुठे मेहरा. आमच्या सीमेपलीकडे बालाघाटात नातलग आहेत, तिकडे असे पाठभेद फार. तेही सुधारायचे नाहीत. न लागलेल्या अक्षराच्या जागी टिंब द्यायचे, अंदाज घुसडायचा नाही. आणि शेजारी एक वेगळा रकाना आखायचा, त्यावर लिहायचे ‘आमच्या घरचे म्हणणे’. त्यात कचरूजी लिहा, काशीनाथजी लिहा, हजार वेळा मानाने लिहा. तो रकाना तुमचा. पहिला रकाना कागदाचा. दोन्ही मिसळले की दोन्ही खोटे होतात.

पंचशीलातले चौथे शील आपण दर रविवारी घेतो. तोंडाने खोटे बोलणार नाही, एवढाच त्याचा अर्थ करून चालणार नाही, लेखणीलाही ते शील लागू आहे. आणि व्यवहारही तेच सांगतो. नकलेत नव्हे तर मूळ कागदावरच कोणी पेन चालवल्याचे मी ऐकले आहे. शाई वेगळी पडते, वळण वेगळे पडते, चौकशीत ते उघडे होते आणि खऱ्या हक्काच्या घरावरही संशय येतो. ज्याची नोंद खरी होती त्याने ती अधिक चांगली करण्याच्या नादात गमावली, याहून वाईट काय?

सवलतीबद्दल काही धम्मबांधवांच्या मनात अवघडलेपण असते, म्हणून तेही सांगून टाकतो. महाराष्ट्र सरकारने नवबौद्धांना राज्याच्या सवलती 1960 साली दिल्या. केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश व्हायला 1990 साल उजाडावे लागले. म्हणजे दीक्षेनंतर 34 वर्षे केंद्राच्या दृष्टीने जणू धर्म बदलताच जखमही बरी झाली होती! ती झाली नव्हती. कागद दाखवताना आपण जात मिरवत नसतो, जखमेचा दाखला देत असतो. 2025 साली केंद्र सरकारने येत्या जनगणनेत सर्व जातींची नोंद करण्याचे ठरवले, 1931 नंतर प्रथमच. तेव्हा गणनेच्या वेळी धर्माच्या रकान्यात बौद्ध सांगताना कोणी गडबडू नये. धर्म आजचा विचारतात.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाचा कठीण भाग. महार शब्द राहू द्या म्हणतो, पण आजाच्या नावापुढे धर्म म्हणून बौद्ध लिहायला काय हरकत? बाबासाहेबांनीच 1948 च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात मांडले नाही काय, की अस्पृश्यांचे पूर्वज मूळचे बौद्ध होते? मग आजा बौद्धच!

हा युक्तिवाद मला सुशिक्षितांकडूनही ऐकू येतो. बाबासाहेबांनी तो सिद्धान्त शेकडो वर्षांपूर्वीच्या समाजाविषयी मांडला, आधार तपासत, प्रतिपक्षाचे म्हणणे खोडत मांडला. ती त्यांची पुराव्याशी वागण्याची रीत होती. ती रीत सोडून निष्कर्ष तेवढा उचलून कोतवाल बुकावर चिकटवला, तर ते बाबासाहेबांना मानणे नव्हे. 1918 साली तापाने मेलेल्या माणसाने बुद्धाचे नावही ऐकले नसेल. त्याने मरीमायला कोंबडे कापले असेल. कापले असेल तर कापले.

अमेरिकेत मॉर्मन पंथाचे लोक आहेत. जगभरच्या वंशावळी गोळा करण्यात त्यांच्याइतका खटाटोप कोणी केला नाही. त्यामागे त्यांची एक श्रद्धा आहे. मेलेल्या पूर्वजाच्या नावाने जिवंत माणसाने बाप्तिस्मा घ्यायचा. या उत्साहात हिटलरच्या छळछावण्यांत मारल्या गेलेल्या ज्यूंचीही नावे त्यांनी घेतली. ज्यू समाज दुखावला, म्हणाला, ज्या धर्मासाठी आमची माणसे मेली तो तुम्ही मेल्यावर त्यांच्याकडून काढून घेता? 1995 साली हे थांबवण्याचा करार करावा लागला. श्रद्धा त्यांची त्यांच्याजवळ, पण आपण तसे करू शकतो काय? आपली दीक्षा म्हणजे माणसाने शुद्धीवर राहून, आपल्या तोंडाने, प्रतिज्ञा घेणे. नागपूरला बाबासाहेबांनी 22 प्रतिज्ञा उपस्थितांकडून वदवून घेतल्या. लोक उभे राहिले व बोलले. मेलेला माणूस उभा राहत नाही. त्याच्या वतीने आपण ‘हो’ म्हटले तर तो त्याचा सन्मान नव्हे, त्याला पुन्हा एकदा न विचारणे झाले. जन्मभर त्याला कोणी काही विचारले नव्हतेच.

त्या तरुणाला मी म्हटले, आजाच्या धर्माची जागा कोरी ठेव. जिथे घरात प्रथम दीक्षा झाली, तिथे तारीख, गाव आणि जमल्यास दीक्षा देणाऱ्याचे नाव लिही. तो म्हणाला, वरची तीन पाने मग रिकामी दिसतील. दिसू देत.

आणखी एक. त्या बुकात सबंध गाव असते. कोणाच्या बापाचे नाव नाही, कोणाची आजी पाटाची, कोणाचे मूल लपवलेले, सारे एका पानावर. उतरवणाऱ्याच्या डोळ्यांपुढून ते जाते. ज्या घराने सांगितले त्या घरापुरतेच उतरवावे, आणि शेजारच्या ओळीत वाचले ते चहाच्या टपरीवर नेऊ नये. हाडवैऱ्याचेही नेऊ नये. आमच्या रविवारच्या मुलांना मी पहिली अट हीच घातली आहे.

‘हे पितृपूजेत तर जमा होत नाही ना?’ असे एका उपासिकेने विचारले होते. श्राद्ध-पिंडदान न करण्याची आपली प्रतिज्ञाच आहे, म्हणून तिचे विचारणे रास्त होते. आपण कोणाला पिंड देत नाही, कोणाच्या आत्म्याला शांती मागत नाही. नाव वाचता येण्याजोगे करून ठेवतो, एवढेच.

मात्र एक रकाना कोतवाल बुकातून बहुधा भरत नाही, तो आईचा. बाप सापडतो, बापाचा बाप सापडतो, पण जिने जन्म दिला तिचे नाव फार क्वचित लिहिलेले. ते म्हाताऱ्यांच्या तोंडीच आहे. त्यांना साल विचारू नका, खूण विचारा. माझी आई थोरल्या भावाचा जन्म ‘बाबासाहेब भंडाऱ्याला उभे होते त्या साली’ असा सांगे. ती पोटनिवडणूक 1954 ची. त्यावरून मी तारीख लावली. तिच्या आईचे नाव विचारायचे मात्र राहून गेले, आणि आता सांगायला कोणी नाही. आपल्या घरी आजी असेल तर उद्याच वही घेऊन बसा. दुपारी, तिची कामे आटोपल्यावर.