अभय कोणाला?

धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यात, तापीकाठच्या थाळनेरला, फारुकी सुलतानांच्या कबरी आहेत. हे घराणे दुसरे खलिफा उमर फारुक यांच्या वंशाचा अभिमान सांगे. वंशावळ खरी की हौसेची, हा भाग निराळा. १६०१ मध्ये त्यांचे राज्य बुडविणारा अकबर तैमूर व चंगीझखान यांचा वारस. अरबी-इस्लामी आणि मंगोल या दोन साम्राज्यांच्या स्मृती अशा आमच्या खानदेशात समोरासमोर आल्या.

या दोहोंत बरे कोणते? आपण ख्रिस्ती माणसे पटकन म्हणतो, ज्याने आपल्या लोकांना राखले ते. आम्हांस हे माप फसवे वाटते. जेरुसलेम शरण आले तेव्हा उमरने पवित्र कबरमंदिरात नमाज पढण्याचे नाकारले, कारण पुढे आपले अनुयायी ते मंदिर बळकावतील, अशी कथा प्राचीन ख्रिस्ती इतिवृत्तातच आहे. ख्रिस्ती जनांस अभय मिळाले. जिझिया मात्र द्यावा लागला. १२५८ मध्ये चंगीझचा नातू हुलागू बगदादेत शिरला. त्याची राणी दोकुझ खातून ख्रिस्ती होती; तिच्या शब्दाखातर तेथील ख्रिस्ती जन वाचले, आणि त्याच वेळी बाकीचे नगर कापले जात होते. पूर्वेकडील काही ख्रिस्ती लेखकांनी त्या विजयाचे गोडवे गायिले. शेजाऱ्याच्या रक्तात भिजलेले अभय स्वीकारावे लागेलही. पण त्याचा हर्ष मानता येईल काय?

येथे आपल्याच भागातील एक दाखला आठवतो. बऱ्हाणपुराजवळच्या असीरगडाला वेढा पडला तेव्हा अकबराच्या छावणीत संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नात्यातले फादर जेरोम झेवियर होते. अकबर या येशूसंघीय धर्मगुरूंना मान देई. लाहोरात त्याने त्यांना ख्रिस्तमंदिर उभारू दिले होते. कृतज्ञतेपोटी गप्प बसणे सोपे होते. तरी येशूसंघाच्या वृत्तांतात स्पष्ट लिहिले आहे की, अकबराने सुलतान बहादूरशहाला शपथेवर भेटीस बोलाविले आणि परत जाऊ दिले नाही. मोगल दरबारचा इतिहास गड पडण्याचे कारण रोगराई सांगतो. दोन्ही कथनांचा मेळ अभ्यासकांनी घालावा. आम्हांस मोल वाटते ते उपकारकर्त्याविरुद्ध दिलेल्या त्या साक्षीचे. बहादूरशहा ग्वाल्हेरच्या कैदेत गेला, आणि खानदेशाला शाहजादा दानियालच्या नावावरून काही काळ दानदेश म्हणू लागले.