ऐकणारीला पुण्य, वाचणारीला जबाबदारी

पांडेसऱ्यात आपलं सामूहिक पारायण असतं तेव्हा काही ताईंच्या पुढ्यात पोथी उघडी असते, तर काही ताई नुसत्या हात जोडून ऐकत असतात. त्यांतल्या बऱ्याच जणी सातपुड्याकडच्या गावांतून आलेल्या. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सर्वांत कमी साक्षरता नंदुरबार जिल्ह्यात होती. आपण या ताईंना म्हणतो, "ताई, ऐकलं तरी पुण्य तेवढंच."

हे खरं आहे का? त्या ताईपुरतं अगदी खरं. माऊली अक्षर बघत नाहीत, भाव बघतात. पण ज्यांना वाचता येतं त्यांनी तेच म्हटलं, की त्याचा अर्थ होतो, "तुझं चाललंय ना, मग आम्ही कशाला काही करायचं?" जे तिच्यासाठी समाधान, ती आपल्यासाठी पळवाट होऊ नये.

डोंगरातल्या मुलीची शाळा आळसाने सुटत नाही. पाणी लांबून आणायचं, गुरं राखायची, धाकटं भावंड कडेवर, पावसाळ्यात ओढा भरला की वाट बंद. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे नीट ओळखलं. ताराबाईंनी आपल्या गुजरातेत, भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेलं. दोघींनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केलं आणि 1957 साली त्या डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी गेल्या. मुलं गुरांमागे जातात म्हणून शाळाच कुरणात नेली, ती कुरणशाळा. मोठ्या मुली भावंडं सांभाळायला घरी राहतात म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र केली. "मुली येत नाहीत" असं म्हणत त्या बसून राहिल्या नाहीत.

मुलींचं ठीक, पण वय झालेल्या बाईचं काय? ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे गाव आहे. तिथल्या आजींना वाटलं, पोथी आपल्यालाही वाचता यावी. शिक्षक योगेंद्र बांगर यांनी 8 मार्च 2016 ला आजीबाईंची शाळा सुरू केली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आजी गुलाबी साडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन दुपारी, कामं आटोपली की शाळेत जाऊ लागल्या. "या वयात शिकून काय करणार?" असं लोक विचारतातच. पण या वयात नाम घेऊन काय करणार, असं कुणी विचारतं का?

आपल्या पांडेसऱ्यात डोंगर नाही, ओढा नाही. पण मिलची बारा तासांची पाळी आहे. घरी बसून साड्यांचे धागे कापायचे, खडे चिकटवायचे, लेस लावायची, वर स्वयंपाक. अशा ताईला "संध्याकाळी केंद्रावर या, शिकवू" म्हणणं म्हणजे शाळा ओढ्यापलीकडेच ठेवणं. बँकेत अंगठा उठवताना, मुलाचा शाळेचा फॉर्म दुसऱ्याकडून भरून घेताना तिला काय वाटतं, ते ती बोलत नाही.

म्हणून आम्हाला वाटतं, वाचता येणाऱ्या प्रत्येक ताईने आपल्या गल्लीतली एक ताई धरावी. वेळ तिची, ओटाही तिचाच. रोज अर्धा तास. आधी तिचं स्वतःचं नाव, मग गुरूंचं नाव. दादांनी तेवढा वेळ लेकरं सांभाळावीत, सासूबाईंनी सुनेला हसत पाठवावं, जमलं तर स्वतःही पाटी घेऊन बसावं. यात उपकाराचा भाव मात्र नको. ऐकून ऐकून तिला जे तोंडपाठ झालंय, ते आपल्याला पोथी बघूनही येत नाही. अक्षर आपण द्यावं, पाठांतर तिच्याकडून घ्यावं.

पुढच्या पारायणाला हात जोडून बसणाऱ्या ताईंपैकी एकीच्या तरी पुढ्यात पोथी उघडी असावी, हीच माऊलींच्या चरणी प्रार्थना.

🙏 जय गुरुदेव 🙏